डॉक्टरांचे २१४ पेपर्स, एच-इंडेक्स ४७ : या आकड्यांवरून काय समजायचं?

सांजसावली
नमस्कार मंडळी. आत्याला मायस्थेनिया ग्रॅव्हिस (वापरले की स्नायू लवकर थकतात असा आजार) असल्याचं निदान होऊन सात महिने झाले. सकाळी ती ठणठणीत असते. दुपार कलली की डावी पापणी खाली यायला लागते आणि रात्रीच्या जेवणात अर्ध्यातच जबडा थकतो. मग ती हाताने हनुवटीला आधार देऊन घास चावते. गोळ्या चालू आहेत. आता छातीतली थायमस ग्रंथी शस्त्रक्रिया करून काढायची का, हा प्रश्न आहे. दुसरं मत घ्यायचं घरात ठरलं आणि तज्ज्ञ शोधायचं काम माझ्याकडे आलं.

दोन नावं हाती लागली आहेत. पहिल्या डॉक्टरांच्या गूगल स्कॉलरच्या पानावर २१४ पेपर्स, ९,६०० सायटेशन्स (म्हणजे इतरांनी आपल्या पेपर्समध्ये दिलेले त्यांचे संदर्भ) आणि एच-इंडेक्स ४७ दिसतो. दुसऱ्या डॉक्टरबाई. त्यांचे ३८ पेपर्स, ११०० च्या आसपास सायटेशन्स, एच-इंडेक्स १६. घरात सगळे म्हणतात, यात विचार कसला करायचा, ४७ वाल्यांकडे जाऊ. पण मी हिशेब तपासणीच्या कामात आहे. ज्या रकमेची व्हाउचर्स बघितली नाहीत, तिच्यावर सही करायची नाही ही सवय हाडात मुरली आहे. या आकड्यांची व्हाउचर्स कुठे असतात आणि ती वाचायची कशी? जाणकारांनी सांगावं.

(डॉक्टरांची नावं मुद्दाम देत नाही, कृपया विचारू नका.)

खडूफळा
संख्याशास्त्र शिकवतो, म्हणून एच-इंडेक्सपासून सुरुवात करतो. होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये ही कल्पना मांडली. संशोधकाचे पेपर्स सायटेशन्सच्या उतरत्या क्रमाने लावायचे आणि वरून मोजत यायचं. समजा पाच पेपर्स आहेत आणि त्यांना ५०, १८, ६, ४ आणि २ सायटेशन्स आहेत. चौथ्या पेपरला निदान ४ आहेत, पाचव्याला ५ नाहीत. म्हणून एच झाला ४.

आता पहिल्या पेपरला ५० ऐवजी ५,००० सायटेशन्स मिळाली असं धरा. एच तरीही ४ च राहतो. जन्मात एकच पण मोठा शोध लावणारा माणूस या मोजपट्टीला दिसतच नाही. शिवाय हा आकडा सहसा खाली येत नाही. संशोधन सोडून दहा वर्षं झाली तरी जुने पेपर्स तो वर ढकलत राहतात. म्हणून दोघांचा पहिला पेपर कोणत्या साली आला ते आधी बघा. तीस वर्षांच्या कामाचा ४७ आणि बारा वर्षांच्या कामाचा १६ एका तराजूत घालता येत नाहीत.

अजून एक. असोसिएट प्रोफेसरपदाला साधारण १२ आणि प्रोफेसरपदाला १८ असा अंदाज हिर्श यांनी त्या लेखात दिला होता, पण तो भौतिकशास्त्रज्ञांसाठी होता. विषय बदलला की सायटेशन्सची रीतच बदलते. गणितातला उत्तम माणूस आणि हृदयरोगावरचा उत्तम माणूस यांचे आकडे शेजारी ठेवले तर गणितवाल्यावर अन्यायच होईल.

मृद्गंध
आत्यांना लवकर आराम पडो. धागा वाचतेय.

पानोपानी
एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात बावीस वर्षं काढली आहेत. बढतीच्या अर्जांचे दिवस आले की डॉक्टर मंडळी टेबलाशी येतात आणि विचारतात, "मॅडम, माझा एच किती?" मी विचारते, "कुठला हवाय?" गूगल स्कॉलर, स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या सायटेशन्स मोजणाऱ्या तीन सूची एकाच माणसासाठी तीन वेगळी उत्तरं देतात. स्कॉलर प्रबंध, परिषदांतले सारांश, अजून तपासणी न झालेले प्रीप्रिंट असं सगळं गोळा करतं. बाकी दोन्ही सूची निवडून घेतलेलं साहित्यच धरतात. त्यामुळे स्कॉलरचा आकडा बहुधा सगळ्यांत फुगलेला दिसतो. सांजसावली, तुमचे दोन्ही आकडे एकाच ठिकाणचे आहेत हे चांगलं आहे.

दुसरी अडचण नावांची. एका त्वचारोगतज्ज्ञांची यादी तपासताना मला तिच्यात मत्स्यशेतीवरचा पेपर सापडला होता. आडनाव तेच, आद्याक्षर तेच. त्यांनी काही लबाडी केली नव्हती, संगणकाने दोन माणसं एक केली होती. याच कारणाने २०१२ पासून ऑर्किड नावाचा सोळा आकडी ओळखक्रमांक आला. तो असेल तर त्याच्या पानावरून यादी ताडून बघा.

हे मोजमाप सुरू कसं झालं तेही सांगते, कारण मला त्यातलं मर्म फार महत्त्वाचं वाटतं. युजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये सायटेशन्सची सूची करण्याची कल्पना मांडली आणि १९६४ मध्ये सायन्स सायटेशन इंडेक्स बाहेर पडला. त्यांचा रोख असा होता की एखादा जुना पेपर हातात घेतला की त्याच्यानंतर तो कोणी कोणी वापरला हे शोधता यावं. कोणी त्याला दुजोरा दिला, कोणी खोडून काढला, कोणी पुढे नेलं. सायटेशन हे धाग्याचं टोक होतं, ते धरून पुढे जायचं. आपण टोकंच मोजत बसलो.

उंबरठा
पानोपानी ताई, तुमचं शेवटचं वाक्य पटलं, पण मी थोडं उलट बोलणार आहे. आकड्यांना नावं ठेवायची आता रीत झाली आहे. आकडे नव्हते तेव्हा नेमणुका कशा व्हायच्या? कोण कोणाचा शिष्य आणि कोणाच्या शिफारशीचं पत्र जाड, यावर. माझे वडील अशा एका समितीसमोर तीनदा उभे राहिले आणि तीनदा परत आले. चौथ्या वेळी कोणीतरी पेपर्सची मोजदाद मागितली तेव्हा त्यांची निवड झाली. ज्याच्यामागे कोणी नाही, त्याच्यासाठी २१४ आणि ४७ हेच शिफारसपत्र असतं. ४७ कोणी फुकट देत नाही. त्यामागे शेकडो रात्री असतात.

खडूफळा
उंबरठा, हे मान्य. मी मोजू नका म्हणत नाही. कशाचं मोजमाप आहे ते बघून मोजा, एवढंच म्हणतो.

संध्यावार्ड
मी न्यूरोलॉजिस्ट आहे. सांजसावली, निदान आणि उपचार तुमचे डॉक्टर ठरवतील, मी त्यात पडत नाही. आकड्यांपुरतं बोलतो.

मायस्थेनिया हा दुर्मिळ आजार. त्यावर काम करणारे थोडे, म्हणून पेपर्स थोडे आणि सायटेशन्सही थोडीच. पक्षाघात किंवा मधुमेहावर लिहिणाऱ्याला तेवढ्याच कष्टात कितीतरी पट सायटेशन्स मिळतात, कारण त्याचं लिखाण वापरणारेच हजारो आहेत. म्हणजे ४७ कोणत्या आजारातून आले हा पहिला प्रश्न.

दुसरं, तुमच्या प्रश्नाचाच इतिहास बघा. आल्फ्रेड ब्लॅलॉक यांनी थायमस काढल्यावर सुधारलेल्या रुग्णाची हकिगत १९३९ मध्ये प्रसिद्ध केली. त्यानंतर जगभर या शस्त्रक्रिया होत राहिल्या, आमच्याकडे इतके रुग्ण, त्यांतले इतके सुधारले असे पेपर्स निघत राहिले आणि लोक एकमेकांचे संदर्भ देत राहिले. पण शस्त्रक्रिया केलेले आणि न केलेले असे दोन गट चिठ्ठ्या टाकून पाडायचे आणि फरक बघायचा, अशी मोठी चाचणी पूर्ण होऊन छापून यायला २०१६ साल उजाडलं. १८ ते ६५ वयाचे १२६ रुग्ण, बरीच केंद्रं, तीन वर्षं पाठपुरावा. नुसतं प्रेडनिसोन हे स्टेरॉइड घेणाऱ्यांपेक्षा शस्त्रक्रिया आणि प्रेडनिसोन दोन्ही मिळालेल्या गटाची प्रकृती सरासरीने चांगली राहिली आणि औषधही कमी लागलं. सत्त्याहत्तर वर्षांच्या पेपर्सच्या ढिगापेक्षा त्या १२६ जणांनी माझी प्रॅक्टिस जास्त बदलली. ती चाचणी उभी करताना रुग्ण मिळवण्यातच वर्षं गेली. त्या वर्षांत त्या लोकांचे एच-इंडेक्स काही धावत नव्हते.

आत्यांचं वय काय? पन्नाशीच्या पुढच्या रुग्णांबाबत तज्ज्ञांत अजून एकमत नाही, म्हणून विचारतो.

सांजसावली
६१ पूर्ण. अँटिबॉडीची तपासणी पॉझिटिव्ह, सीटी स्कॅनमध्ये गाठ नाही. प्रतिसाद दोनदा वाचला, मनापासून आभार.

दशमान
संख्या आली की मला राहवत नाही. कोणी "अमुक डॉक्टरांचे पेपर्स ४० इम्पॅक्ट फॅक्टरच्या जर्नलमध्ये आहेत" असं सांगून दिपवायला लागलं, तर हा आकडा जर्नलचा आहे हे आठवा. मागच्या दोन वर्षांत जर्नलने छापलेल्या लेखांना यंदा किती सायटेशन्स मिळाली, भागिले त्या दोन वर्षांतल्या लेखांची संख्या. झाली सरासरी. आणि सायटेशन्सची वाटणी इतकी विषम असते की चारदोन पेपर्स सगळा भार उचलतात, बाकीचे त्या सरासरीच्या खूप खाली असतात. सव्वासहा फुटांची दोन माणसं वर्गात आणून बसवली म्हणून बाकीच्या मुलांची उंची वाढत नाही.

भागाकारातही एक फट आहे. संपादकीयं आणि पत्रं यांना मिळालेली सायटेशन्स वरच्या बेरजेत धरतात, पण खालच्या संख्येत ती सहसा मोजत नाहीत. इम्पॅक्ट फॅक्टरवरून माणसाची पारख करू नका, असं आवाहन करणारा सॅन फ्रान्सिस्को जाहीरनामा याच वैतागातून निघाला. २०१२ च्या डिसेंबरमध्ये त्याची बैठक झाली.

कुपीतलं_औषध
पानोपानी ताई म्हणाल्या ते धाग्याचं टोक धरून गेलं की काय सापडतं, त्याचं एक उदाहरण सांगते. मी औषधशास्त्रात आहे आणि नव्या विद्यार्थ्यांना पहिल्याच तासाला हे वाचायला देते.

१० जानेवारी १९८० च्या न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये पोर्टर आणि जिक यांचं एक पत्र छापून आलं. पत्रच, पेपर नव्हे. एक परिच्छेद, पाच वाक्यं. रुग्णालयात दाखल असताना अफूवर्गीय वेदनाशामक दिलेल्या ११,८८२ रुग्णांच्या नोंदी पाहिल्या, आधी व्यसन नसलेल्यांत व्यसन लागल्याच्या नीट नोंदलेल्या केसेस फक्त चार निघाल्या, असा त्याचा आशय. जेवढं बघितलं तेवढं त्यांनी सांगितलं. घरी महिनोन्महिने गोळ्या घेणाऱ्यांबद्दल त्यात अवाक्षर नाही.

पुढे काय झालं? २०१७ मध्ये त्याच जर्नलमध्ये काही संशोधकांनी या पत्राची सगळी सायटेशन्स एकेक करून वाचली. ६०८ निघाली. त्यांतल्या ७२.२ टक्के ठिकाणी या गोळ्यांनी व्यसन क्वचितच लागतं याचा पुरावा म्हणून ते पत्र पुढे केलं होतं. ८०.८ टक्के ठिकाणी हे रुग्ण रुग्णालयात दाखल होते याचा उल्लेखच नव्हता. ज्या काळात अमेरिकेत डॉक्टर या गोळ्या सढळ हाताने लिहून देत होते आणि व्यसनाने माणसं मरायला लागली होती, त्याच काळात हे संदर्भ एकमेकांवरून उतरवले जात होते.

माझ्या विद्यार्थ्यांना मी ते पत्र छापून देते. वाचून व्हायला एक मिनिट लागत नाही. मग विचारते, यात घरच्या रुग्णाबद्दलचं वाक्य कुठे आहे? मुलं कागद उलटा करून मागची बाजू बघतात.

६०८ हा आकडा एखाद्याच्या प्रोफाइलवर किती भारदस्त दिसेल! आत काय आहे ते एकेक संदर्भ उघडल्यावर कळलं.

मृद्गंध
बाप रे. पाच वाक्यं.

रुपेरी_कडा
कुपीतलं_औषध, अंगावर काटा आला. याचीच दुसरी बाजू म्हणजे वेकफील्ड यांचा १९९८ चा लॅन्सेटमधला पेपर. १२ मुलं, आणि गोवराच्या एकत्रित लसीचा ऑटिझमशी संबंध असल्याची शंका. २०१० मध्ये लॅन्सेटने तो मागे घेतला. सायटेशन्स मात्र भरपूर, आणि त्यांतली बहुतेक तो चूक होता हे सांगण्यासाठीच दिलेली. मोजणाऱ्या यंत्राला शिवी आणि शाबासकी सारखीच. मी बालरोग विभागात काम करते. लस नको म्हणणारे पालक आजही तोच पेपर फोनवर उघडून दाखवतात.

कुपीतलं_औषध
योआखिम बोल्ट यांचं प्रकरणही याच वळणाचं. भूलतज्ज्ञ, एकेकाळी भरपूर उद्धृत होणारे, नंतर त्यांचे ढीगभर पेपर्स मागे घ्यावे लागले. शिरेतून द्यायच्या स्टार्चच्या द्रावणावर २०१३ मध्ये जामा जर्नलमध्ये ३८ चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. त्यातून बोल्ट यांच्या सात चाचण्या वगळल्यावर चित्र पालटलं आणि त्या द्रावणाने मृत्यूचं प्रमाण वाढतं असं दिसलं. सांजसावली, म्हणून एक काम नक्की करा. दोन्ही डॉक्टरांच्या पेपर्सपैकी काही मागे घेतले आहेत का ते बघा. पबमेड या वैद्यकीय पेपर्सच्या ऑनलाइन सूचीवर तशी ठळक सूचना असते, फुकट दिसते.

रात्रपाळी
निवासी डॉक्टर आहे. इथे मन मोकळं करतो, रागवू नका.

१४० रुग्णांचे नमुने मी गोळा केले. ड्यूटी संपल्यावर रात्री तीनला वॉर्डच्या काउंटरवर बसून नोंदी भरायचो. एकदा डोळा लागला आणि कळफलकावर डोकं टेकून एका रुग्णाच्या वयात अकरा शून्यं पडली, ती सकाळी सिस्टरने दाखवली. पहिला मसुदा मी लिहिला. छापून आला तेव्हा माझं नाव तिसरं होतं. पहिलं नाव ज्यांचं, ते त्या वॉर्डात माझ्या देखत दोनदा आले होते. त्या पेपरला मिळालेली सायटेशन्स आता आम्हा नऊही जणांच्या पानावर सारखीच दिसतात. आकडा बघणाऱ्याला माझी रात्र कुठून दिसणार?

संध्यावार्ड
रात्रपाळी, तुमच्यावर अन्याय झाला आहे. स्पष्ट बोलतो, कारण हे ऐकायला मिळणंही गरजेचं असतं. वैद्यकीय जर्नल्सच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे नियम सांगतात की लेखक म्हणवून घ्यायला चार गोष्टी लागतात. कामाची आखणी, माहिती गोळा करणं किंवा तिचं विश्लेषण यात भरीव वाटा. मसुदा लिहिणं किंवा त्यात मोलाची दुरुस्ती करणं. अंतिम रूपाला मान्यता. आणि सगळ्या कामाची जबाबदारी घेणं. चारही हवीत, एक-दोन पुरत नाहीत. नावांचा क्रम मात्र त्या नियमांत नाही, तो लेखकांनी आपसात ठरवायचा असतो. पुढच्या वेळी पहिला नमुना घेण्याआधी क्रम लेखी ठरवून घ्या. विचारायला जड जातं, पण विचारा.

सांजसावली, तुमच्या उपयोगाचं : वैद्यकात साधारणपणे पहिलं नाव प्रत्यक्ष काम करणाऱ्याचं, शेवटचं ज्याच्या मार्गदर्शनाखाली झालं त्याचं. मधल्या नावांचा वाटा पेपरागणिक वेगळा असतो. म्हणून यादी वाचताना मायस्थेनियाच्या पेपर्समध्ये त्यांचं नाव कुठे आहे ते बघा.

दशमान
मधल्या नावांवरून आठवलं. २०२१ मध्ये शस्त्रक्रिया आणि कोविडवरच्या एका पेपरला १५,०२५ लेखक होते. गिनीज बुकात नोंद आहे. प्रत्येकाने एकेक शब्द लिहिला असता तरी जाडजूड पुस्तिका झाली असती!

उंबरठा
पण ते काम त्या हजारो जणांनी खरोखर केलं होतं, दशमान. जगभरच्या वॉर्डांतून रुग्णांची माहिती गोळा करणं एकट्याचं काम नाही. अशा पेपरात नाव असणं कमीपणाचं नाही.

दशमान
मान्य, हसण्यावारी न्यायचं नव्हतं. एवढंच की त्या प्रत्येकाच्या पानावर पूर्ण सायटेशन्स चढतात.

जुनी_वही
इतका वेळ नुसती वाचत होते. शंभूनाथ डे यांचं नाव कोणी घेतलं नाही म्हणून लिहिते.

कोलकात्यात काम करणारे रोगनिदानतज्ज्ञ. पटकीचा (कॉलऱ्याचा) जंतू शरीरात नेमकं काय करतो हे शोधायला त्यांनी सशाच्या आतड्याचा लहानसा तुकडा दोन्हीकडून दोऱ्याने बांधला आणि त्यात जंतू सोडले. तुकडा पाण्याने टम्म फुगला. हे १९५३ मधलं. मग १९५९ मध्ये जंतू गाळून टाकलेलं नुसतं द्रव घालूनही तेच होतं, हे त्यांनी नेचरमधल्या एका छोट्या लेखात दाखवलं. म्हणजे जंतू आतड्यात विष सोडतो आणि त्या विषाने शरीरातलं पाणी वाहून जातं. पटकीच्या उपचारांमागचा विचार या समजुतीवर उभा आहे. पण बरीच वर्षं त्या लेखाकडे फारसं कोणी बघितलं नाही. पुढे तो जगभर उद्धृत झाला. १९८५ मध्ये डे वारले आणि १९८६ मध्ये गारफील्ड यांनीच, ज्यांनी ही सगळी मोजणी सुरू केली त्यांनी, डे यांच्या कामाच्या प्रभावावर सविस्तर लेख लिहिला. मला ही गोष्ट वाचताना प्रत्येक वेळी तो बांधलेला आतड्याचा तुकडा डोळ्यांपुढे येतो. दोन गाठी आणि एक ससा, एवढीच सामग्री.

मृद्गंध
एमआरएनए लसींमागच्या संशोधक कातालिन कारिको यांचंही तसंच ना? १९९५ मध्ये विद्यापीठाने खालच्या पदावर आणलं, २००५ चा महत्त्वाचा पेपर तेव्हा फारसा कोणाच्या नजरेत भरला नाही आणि २०२३ मध्ये नोबेल.

उंबरठा
दोन्ही उदाहरणं वाचून डोळे पाणावले. तरी एक सांगतो. ज्यांना सायटेशन्स नाहीत त्या प्रत्येकात कारिको लपलेल्या नसतात. बहुसंख्य दुर्लक्षित पेपर्स खरोखरच कामाचे नसतात, आणि ते वाचण्यात रुग्णाचे दिवस घालवता येत नाहीत. सांजसावलीताईंच्या हातात काही महिने आहेत, चाळीस वर्षं नाहीत.

जुनी_वही
हो उंबरठादादा, हे खरंच. म्हणूनच त्यांनी मोजकं का होईना, पण आत उघडून वाचावं असं मला वाटतं.

नवा_सभासद_२
उलट टोकालाही काही मिळेल. सगळ्यांत जास्त उद्धृत झालेल्या पेपर्सपैकी एक म्हणजे लावरी आणि सहकाऱ्यांचा १९५१ चा पेपर, द्रावणातलं प्रथिन मोजायच्या पद्धतीवर. तीन लाखांहून जास्त सायटेशन्स. त्याने कुठला रोग बरा केला नाही, पण प्रयोगशाळेत रोज लागणारी गोष्ट दिली. पद्धती, मार्गदर्शक तत्त्वं आणि आढावे यांना सायटेशन्स धो धो मिळतात. दोन्ही डॉक्टरांचे पहिले पाच पेपर्स कोणत्या प्रकारचे आहेत ते बघा.

सांजसावली
मंडळी, नऊ दिवसांनी येतेय. तुम्ही सांगितलं तसं बसून सगळं उघडलं. वहीत रकाने पाडले, रोजच्या कामासारखेच. सविस्तर लिहिते.

पहिले डॉक्टर, ४७ वाले. पहिला पेपर १९९४ चा. मागे घेतलेला एकही नाही. सर्वांत जास्त सायटेशन्सचे पाच पेपर्स बघितले, पाचही पक्षाघातावरचे. त्यांतली दोन मार्गदर्शक तत्त्वं, एकात ७० च्या वर लेखक. पक्षाघातात मात्र त्यांचं स्वतःचं काम भक्कम आहे, पहिलं किंवा शेवटचं नाव असलेले साठेक पेपर्स निघाले. मायस्थेनियावर २१४ पैकी तीन, तिन्हींत नाव मध्ये.

डॉक्टरबाई. पहिला पेपर २०११ चा. ३८ पैकी २१ मायस्थेनियावर, त्यांतल्या १७ मध्ये नाव पहिलं किंवा शेवटचं. थायमस काढलेल्या रुग्णांचा नऊ वर्षं पाठपुरावा केलेला एक पेपर आहे, त्याला फक्त २३ सायटेशन्स. तो मी शब्दकोश बाजूला ठेवून दोन रात्री वाचला. मला सगळं कळलं असं म्हणणार नाही. पण तिसऱ्या तक्त्यात पन्नाशीच्या पुढच्या रुग्णांची वेगळी ओळ आहे, आणि त्या ओळीखाली लिहिलंय की सहा जणांना काहीच फरक पडला नाही आणि चार जणांचा ठावठिकाणा लागला नाही. स्वतःच्या तोट्याची रक्कम अशी ठळक लिहिलेली मी ताळेबंदांतही फार वेळा बघितलेली नाही. तिथे माझा विश्वास बसला.

मग धाग्याचं टोक धरलं. २३ पैकी १४ पेपर्स मला फुकट वाचता आले. तीन ठिकाणी नुसतं नाव ओळीत बसवलेलं. दहा ठिकाणी त्यांचे आकडे घेऊन पुढे चर्चा केली आहे. आणि एका ठिकाणी लेखक म्हणतात की मोठ्या वयात फायदा होतो हा बाईंचा निष्कर्ष त्यांच्या रुग्णांत दिसला नाही. तोच पेपर माझ्या सगळ्यांत उपयोगी पडेल असं वाटतं, कारण आत्याचा प्रश्न नेमका तोच आहे.

घरी हे सगळं मांडलं तेव्हा बाबा म्हणाले, मग ४७ काय खोटा होता का? मी म्हटलं, खोटा नाही, दुसऱ्या खात्यातला आहे.

पानोपानी
सांजसावली, बावीस वर्षांत इतकी सुंदर तपासणी करणारं वाचक माझ्या टेबलाशी क्वचित आलं. जे नऊ पेपर्स मिळाले नाहीत त्यांच्या लेखकांना थेट ईमेल करा. बहुतेक जण आनंदाने प्रत पाठवतात. न आवडणारा निष्कर्ष त्या नवांतही असू शकेल, म्हणून सोडू नका.

खडूफळा
आणि दोन गट चिठ्ठ्यांनी पाडले होते की डॉक्टरांनी निवडून शस्त्रक्रिया केली होती, हे दोन्हीकडच्या पेपरात तपासा. निवडून केली असेल तर आधीच जरा तब्येतीने बरे रुग्ण शस्त्रक्रियेला गेलेले असतात. बाई आणि त्यांच्याशी असहमत लेखक, दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक असून निकाल वेगळे येऊ शकतात.

संध्यावार्ड
फार छान काम केलंत. दोन गोष्टी जोडतो. एकाच निरीक्षणात्मक पेपरवरून निर्णय घेऊ नका, बाईही तुम्हाला हेच सांगतील. आणि एक गोष्ट कुठल्याच प्रोफाइलवर सापडणार नाही, ती तोंडानेच विचारा : तुमच्या इथे मायस्थेनियाच्या रुग्णांवर ही शस्त्रक्रिया वर्षाला किती होतात, आणि शस्त्रक्रियेनंतर श्वासाचे स्नायू थकले तर अतिदक्षता विभागात रात्री बघायला कोण असतं? या आजारात धोका तिथे असतो.

रात्रपाळी
ताई, तो रात्रीचा प्रश्न नक्की विचारा. रात्री तिथे आमच्यासारखेच कोणीतरी असतात.

आणि संध्यावार्ड सर, नवीन प्रकल्पाचा क्रम काल लेखी ठरला. विचारताना आवाज कापत होता, पण विचारलं.

उंबरठा
रात्रपाळी, शाब्बास. पहिलं नाव छापून आलं की इथे दुवा टाक.

सांजसावली
पुढच्या गुरुवारी डॉक्टरबाईंची वेळ मिळाली आहे. तिसऱ्या तक्त्याची प्रत आणि त्यांच्याशी असहमत असलेला पेपर दोन्ही फाइलमध्ये लावले आहेत. संध्यावार्ड यांचे दोन प्रश्न आत्याने स्वतःच्या अक्षरात वर लिहून घेतले, मी विचारेन म्हणाली. वेळ दुपारी साडेचारची मागून घेतली, म्हणजे पापणी उतरलेली त्यांना प्रत्यक्ष दिसेल.